निकष कोणाचे?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वाशीम जिल्ह्यातील कार्यक्रमात देशी गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ या जनुकीय चाचण्यांचे उद्घाटन केले. कालवडीच जन्माव्यात अशी वर्गीकृत रेतमात्रा स्वस्त करण्याचे तंत्रही त्याच मंचावरून जाहीर झाले. वाशीमला लागून आमचा यवतमाळ जिल्हा, आणि त्यात नागपूर–हैदराबाद रस्त्यावरचा केळापूर तालुका : कापूस, तूर, सोयाबीन, कोलामांचे पोड आणि टिपेश्वरचे जंगल. येथल्या शेतकऱ्याने या नव्या शास्त्राकडे पाठ फिरवावी काय? आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. विज्ञानाला भिणे हा समाजवाद्यांचा धर्म नव्हे, आणि गोमूत्राचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंगतीत बसण्याची आमची इच्छाही नाही.

शास्त्र समजून घेऊ. जातिवंत गायीची स्त्रीबीजे काढून प्रयोगशाळेत त्यांचे फलन करावयाचे. सातव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणाच्या काही पेशी काढून त्यांची जनुकीय तपासणी करावयाची. आणि ज्याचे गुण अधिक भरतील तोच भ्रूण दुसऱ्या गायीच्या गर्भाशयात ठेवावयाचा. पूर्वी वळूची पारख व्हायला त्याच्या लेकी दुभत्या होईपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागे. मेउविसेन, हेस व गोडार्ड यांनी २००१ साली मांडलेल्या गणितामुळे ती पारख आता जन्माआधीच करता येते. परदेशात भ्रूणांची अशी निवड होऊ लागली आहे. आपल्याकडे भ्रूण प्रत्यारोपण आले, चिपही आली. दोन्ही एकत्र यायला फार काळ लागणार नाही.

परंतु हे गुण द्यायचे कोणी, आणि कशाला? चिप स्वतः काहीच जाणत नाही. हजारो जनावरांच्या नोंदी आणि त्यांची जनुके यांचा मेळ घालून गुण ठरतात. ज्याची नोंद झाली तेवढेच तिला कळते. नोंद सर्वांत सोपी दुधाची, आणि ती होते संघटित गोठ्यांत व दूधसंघांच्या मुलखात. केळापूरची गाय वैशाखात तुरीच्या कुटारावर तग धरते, चाऱ्यासाठी कोसभर चालते, घरापुरते दूध देते, डवऱ्याला जुंपायला गोऱ्हा देते आणि शेताला शेणखत देते. याची नोंद कोणत्या वहीत आहे? नाही, म्हणून हिशेबात तिचे मोल शून्य! शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ जात शेतीच्या आणि गाडीच्या कामासाठीच नावाजलेली. केवळ लिटरांच्या मापाने मोजली तर ती परीक्षेला बसण्यापूर्वीच नापास ठरेल.

हा केवळ तर्क नव्हे. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात निम्म्या अनुदानावर जादा दूध देणाऱ्या गायी वाटण्याची योजना होती. पुढे काय झाले ते पी. साईनाथ यांनी त्याच काळात वृत्तपत्रातून मांडले : गाय दारात आली, तिला पोसण्याची ऐपत मात्र आली नाही. ज्वारीच्या जागी कापूस-सोयाबीन आल्यावर कडबा कोठून येणार? गाय निवडणाऱ्यांनी कोठ्यात डोकावून पाहिलेच नव्हते.

आता विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात भ्रूण-प्रत्यारोपित कालवडी ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद आहे. अनुदान वाढले, ही चांगली गोष्ट; पण उरलेले २५ टक्के, वर्षभराची पेंड आणि आजारपण कोणी सोसायचे? दुधाच्या दराची अवस्था तर सर्वांना ठाऊक आहे. २०२३ साली सरकारने गायीच्या दुधाला ३४ रुपये दर जाहीर केला. त्याच वर्षाअखेर उत्पादकाच्या हाती २७ रुपयेही पडेनात, आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारलाच लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. स्वतः जाहीर केलेला दर पाळून घेण्याची धमक नसल्याची ही कबुलीच होती.

गोऱ्ह्यांची कथा तर विलक्षण आहे. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि नापिकीत म्हातारा बैल विकून निभावणाऱ्या कुटुंबाचा तो आधार तुटला. नर जनावर आधी कायद्याने ओझे करून ठेवले, आणि आता ते जन्मालाच येऊ नये म्हणून तंत्र देऊ केले जात आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला हे सोयीचे; चार एकरांत डवरणी करणाऱ्याने बैलजोडी कोठून आणावी?

म्हणून आमची मागणी चिप बंद करण्याची नाही, तिची वही बदलण्याची आहे. दुधाच्या नोंदी कोरडवाहू शेतकऱ्याच्या कोठ्यात घ्या, नोंद ठेवणाऱ्याला त्याची मजुरी द्या. दुधाबरोबर खाल्लेला चारा, उन्हाळा सोसण्याची ताकद, वेतांमधले अंतर यांनाही गुण द्या. गायीच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याखाली जमणारी माहिती सार्वजनिक मालकीची राहील, कोणा कंपनीच्या तिजोरीत जाणार नाही, असे कायद्याने बांधून घ्या. आणि कालवडीच्या आधी चारा द्या. पांढरकवड्यात कालवडींसाठी अर्ज घेतले जातील तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी पंचायत समितीत जाऊन पहिला प्रश्न हाच विचारावा : अर्जदाराच्या घरी वैशाखात किती पेंढ्या कडबा शिल्लक असतो, याचा रकाना या अर्जात कोठे आहे?