विश्लेषण : आजोबांची आठवण सरकारी पुरावा ठरते का?

सिंदेवाही तालुक्यात धानाच्या बांध्या संपतात तिथून जंगल सुरू होतं. त्या काठावर जमीन कसणाऱ्या कुटुंबाला वनहक्काचा पट्टा हवा असेल, तर आधी सिद्ध करावं लागतं की हे कुटुंब इथलं आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. गोंड, माना अशा अनुसूचित जमातींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचं वास्तव्य पुरतं. ढिवर, कुणबी किंवा दलित कुटुंबं मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ गटात येतात. त्यांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या दाखवाव्या लागतात. एक पिढी म्हणजे २५ वर्षं, म्हणजे थेट १९३०! त्या जुलैत लोकनायक अणे पुसदला जंगल सत्याग्रह करत होते आणि सिंदेवाही मध्य प्रांतात होतं. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या घराचा कागद तेव्हाचा कुठून मिळणार?

(ही ७५ वर्षांची अट वास्तव्याची आहे, त्याच तुकड्याच्या ताब्याची नाही. इथे अनेकांची गल्लत होते.)

कागद नसेल तर काय?

२००८ च्या नियमांतला नियम १३ इथे कामाला येतो. पुराव्यांच्या यादीत रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आहेच. पण जुन्या विहिरी, स्मशानभूमी, देवस्थानं, वंशावळ आणि दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचं लिहून घेतलेलं कथनही आहे. एकाहून जास्त पुरावे लागतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर उपविभागीय आणि जिल्हा समितीला ठरावीक कागदाचाच हट्ट धरता येत नाही.

अडचण वेगळीच आहे. म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. ‘मानमोडीच्या तापानंतर आलो’, ‘मालगुजारी गेली तेव्हा बाप जवान होता’ अशी त्यांची कालगणना. मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ, मालगुजारी संपली १९५१ मध्ये. हा दुवा लिहिणाऱ्याने जोडला नाही, तर जबाब नुसती गोष्ट ठरतो.

भाषेचंही तसंच. झाडीबोलीतली ‘बांधी’ प्रमाण मराठीत ‘शेत’ म्हणून उतरते आणि पुरावाच गळून पडतो. कारण बांधी म्हणजे कुणीतरी जमीन सपाट करून, पाळ घालून केलेला धानाचा वाफा, आणि सपाटीकरण, बांधबंदिस्ती हा नियम १३ मध्ये स्वतंत्र पुरावा आहे. म्हणून जबाब सांगणाऱ्याच्या शब्दांतच लिहायला हवा. अर्थ हवा तर बाजूला द्यावा.

१९३० मध्ये दहा वर्षांचा असलेला माणूस आज शंभरी ओलांडलेला असेल. म्हणजे उरलं ते बहुतेक ऐकलेलं. पण कथन डोळ्यांनी पाहिल्याचंच हवं, असं नियम म्हणत नाही. ‘ही विहीर आज्याने खोदली’ असं शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं आणि विहीर जागेवर असली, की दोन पुरावे एकमेकांना धरून उभे राहतात.

दावा फेटाळला गेला तर काय होऊ शकतं, हे २०१९ मध्ये दिसलं. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली.

आजीचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवणं चांगलंच. पण नियमाला लागतो तो लेखी जबाब, आणि तो दाव्यासोबत ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यावा लागतो.