जमिनीखालची उंची

रोपांची निविदा निघते तेव्हा जातीच्या नावापुढे उंची लिहिलेली असते. सहा फूट, आठ फूट. पुरवठादार तीच बघतो, रोपं उतरवून घेणारा तीच मोजतो आणि बिलही तिच्यावरच निघतं. या एका सवयीने मध्य भारतातली कितीतरी स्थानिक झाडं शर्यतीआधीच बाद होतात. पळस, तेंदू, बिजा ही झाडं सुरुवातीची काही वर्षं वर फारशी वाढतच नाहीत. ती खाली वाढतात.

हे समजून घ्यायला छत्तीसगडच्या मैदानातलं अभनपूर चांगलं ठिकाण आहे. रायपूर–धमतरी रस्त्यावर जिथून राजिमकडे फाटा फुटतो, तिथलं हे तालुक्याचं गाव. नवा रायपूर वसवताना याच तालुक्यातल्या काही गावांच्या जमिनी गेल्या, त्यामुळे धानाचे जुने बांध आणि नव्या रस्त्यांचे दुभाजक या भागात शेजारीशेजारी दिसतात. पाऊस वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. चार महिने चिखल आणि उरलेले आठ महिने पाण्याची ओढ, अशा दोन टोकांत इथल्या झाडाला जगायचं असतं.

त्यात जमीन एकसारखी नाही. शेतकरी ती चार नावांनी ओळखतो. उंचवट्यावरची तांबडी, मुरमाड ती भाठा. तिच्याखाली पिवळसर मटासी, मग डोरसा, आणि सखल भागात काळी, चिकण कन्हार. एकाच शिवारात थोड्याशा उतारावर यातल्या तीन-चार जमिनी भेटू शकतात. भाठ्यावर पाणी ठरत नाही आणि कन्हारीतून ते लवकर हटत नाही. म्हणून ‘स्थानिक जात लावा’ एवढ्या सूचनेने काम भागत नाही. स्थानिक, पण कोणत्या जमिनीची, हे विचारावंच लागतं.

कन्हार-डोरशातल्या धानाच्या बांधांवर आणि कधी थेट बांधीतही उभी असते ती बाभूळ, इथल्या बोलीतली बंबरी. पावसाळ्यात तिच्या बुडाशी दिवसेंदिवस पाणी साचतं, उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते, आणि बाभूळ दोन्ही सोसते. पानं बारीक असल्याने तिची सावली विरळ पडते, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. कोवळ्या फांद्यांवरचे लांब पांढरे काटे गुरांना दूर ठेवतात, पण पिकून गळलेल्या शेंगा मात्र शेळ्या आवडीने खातात. त्यांच्या पोटातून गेलेल्या बीचं टणक कवच मऊ पडतं आणि ती लवकर रुजते. शेतकरी अशी आपोआप उगवलेली रोपं राखतो, खालच्या फांद्या छाटत राहतो, कुंपणाला काटेरी झाप वापरतो. साधारण दहा वर्षांत सरपण आणि अवजारांचं लाकूड हाती येतं. कोणत्याही रोपवाटिकेच्या मदतीवाचून चालत आलेली ही पद्धत कृषिवानिकीच्या अभ्यासकांनी नोंदवलेली आहे.

पळसाची तऱ्हा वेगळी. पावसाच्या तोंडावर चपट्या शेंगा वाऱ्याने गळतात. प्रत्येकीच्या टोकाला एकच बी, बाकीचा भाग पंखासारखा. पहिल्या पावसात ती रुजते, दोनचार पानं येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात वरचा कोंब वाळून जातो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. वर्षानुवर्षं असं चालतं, आणि प्रत्येक वर्षी जमिनीखालचं मूळ जाडजूड होत जातं. त्यात साठा पुरेसा झाला, की मग एका वर्षी निघालेला कोंब टिकतो आणि झपाट्याने वर जातो.

महानदीपलीकडे गरियाबंदच्या जंगलात तेंदूचा तर सगळा व्यवसायच या मुळांवर उभा आहे. पानतोडणीच्या हंगामाआधी झुडपं जमिनीलगत छाटतात. त्याला शाखकर्तन म्हणतात. काही आठवड्यांत, भर उन्हात, पावसाचा थेंब नसताना, मुळांतून तांबूस कोवळी पानं फुटतात. बिडीसाठी हवी असलेली मोठी, मऊ पानं ती हीच. तेंदू गोळा करणाऱ्याला जे ठाऊक आहे, ते वृक्षलागवडीच्या करारनाम्यात अजून उतरलेलं नाही.

याचा फटका दोन ठिकाणी बसतो. पहिला पिशवीत. पळस, तेंदू, मोह यांचं सोटमूळ काही आठवड्यांतच पिशवीचा तळ गाठतं आणि तिथे वेटोळं घालतं. ‘उंची येऊ द्या’ म्हणून ते रोप आणखी वर्ष-दोन वर्षं तसंच ठेवलं, तर त्याची सगळ्यात मोठी ताकद आपल्याच हाताने मोडली जाते. दुसरा फटका मोजणीत. जगलेल्या रोपांची गणती बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी होते. वाळका कोंब दिसला, की ‘मृत’ अशी नोंद होते, रोप उपटलं जातं आणि त्याच खड्ड्यात दुसरं लावलं जातं. खाली जिवंत मूळ होतं का, हे कुणी उकरून बघत नाही. कोंब वाळण्याची सवय असलेल्या जातींची गणती ऑगस्टमध्येच व्हायला हवी.

उंचीच्या हट्टापायी मग गुलमोहर, पेल्टोफोरम, कोनोकार्पस यांचं फावतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वादळात फांद्या मोडणारा. कोनोकार्पसचं तर गुजरातने २०२३ साली रोप लावण्यावरच बंदी घातली. झटपट हिरवं दिसण्याची किंमत शेवटी पालिकेला आणि रहिवाशांना मोजावी लागते, रोप पुरवणाऱ्याला नव्हे.

बियाण्याचा पत्ता लिहून ठेवण्याची परंपरा याच भूमीत आहे. डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात रायपूरच्या भात संशोधन संस्थेत असताना त्या वेळच्या मध्य प्रदेशातून धानाचे १९ हजारांहून अधिक नमुने गोळा केले. आज तो ठेवा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे. उंच टिकऱ्यावर लवकर पिकणारं धान, सखल बांधीत उशिरा निसवणारं, ही वाटणी शेतकऱ्यांनीच करून ठेवली होती. धानाच्या बाबतीत जमीन विचारली जाते. पळसाच्या बाबतीत ती विचारायला काय हरकत आहे? भाठ्यावर वाढलेल्या मातृवृक्षाचं बी भाठ्यासाठी, कन्हारीतलं कन्हारीसाठी, एवढी साधी शिस्त पाळायला प्रयोगशाळा लागत नाही. पिशवीवरच्या चिठ्ठीत गाव, जमिनीचा प्रकार आणि बी गोळा केल्याचा महिना लिहायला एक पेन पुरतं.

विदर्भातल्या रोपवाटिकांनाही हे तंतोतंत लागू आहे. गोंदिया-भंडाऱ्याचे बांध आणि अभनपूरचे बांध यांत फार फरक नाही. येत्या हंगामाच्या निविदा लिहिणाऱ्यांनी उंचीच्या रकान्याशेजारी बियाण्याच्या मूळ ठिकाणाचा रकाना घालावा, कमाल उंची आणि पिशवीतलं कमाल वयही ठरवून द्यावं. जिथे राखण शक्य आहे, तिथे रोपाऐवजी बीच टोकावं. मोहाचं बी गळल्यावर काही आठवडेच उगवणक्षम राहतं. ते गोळा करणाऱ्यांशी बोलणी मे महिन्यात झाली नाहीत, तर जुलैत हाती रिकामी टरफलंच येतील.