बाटलीतलं ‘जड’ पाणी

आपल्या होस्टेलमध्ये पाण्याची एकच परीक्षा असते, टीडीएस! मीटर बुडवायचा आणि आकडा जितका कमी तितकं पाणी ‘प्युअर’ म्हणायचं. मेस कमिटीच्या मागच्या मीटिंगमध्ये नव्या आरओचं पाणी दोन आकडी आलं, तर चक्क टाळ्या वाजल्या. माझ्या मते त्या जरा लवकरच वाजल्या.

का, ते सांगते. एव्हियनची बाटली तुम्ही निदान सिनेमात तरी पाहिली असेल. फ्रान्समध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी एव्हियन नावाचं गाव आहे, तिथलं हे झऱ्याचं पाणी. साधं, बुडबुडे नसलेलं. आपल्याकडे ते फाइव्ह स्टार हॉटेलात मिळतं आणि किंमत ऐकूनच तहान भागते. त्याचं लेबल वाचण्यासारखं आहे. एका लिटरमध्ये कॅल्शियम ८० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम २६, सोडियम फक्त ६.५, बायकार्बोनेट ३६०. पाणी पूर्ण आटवलं तर खाली उरतात ३४५ मिलिग्रॅम क्षार.

आता फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा (आठवत नसेल तर तुम्ही एकटे नाही). कॅल्शियमला २.५ ने गुणा, मॅग्नेशियमला ४.१ ने, आणि बेरीज करा. हार्डनेस येतो साधारण ३०७. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये हार्डनेसची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे. दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे हे नळाला आलं असतं तर आपणच ‘पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही’ म्हणून वॉर्डनकडे अर्ज दिला असता! (मराठी मीडियमची माझी रूममेट याला ‘दुष्फेन’ म्हणते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नुसतं हार्ड वॉटर होतं, पण दुष्फेन ऐकायला जास्त वाईट वाटतं.)

आणि चव? लोक पैसे मोजतात ते याच क्षारांचे. बायकार्बोनेट आणि कॅल्शियममुळे पाण्याला थोडा भरीवपणा येतो, तोंडात काहीतरी आहे असं वाटतं. सगळे क्षार काढून टाकलेलं पाणी बिनमिठाच्या भातासारखं लागतं. ‘आरओचं पाणी प्यायलं तरी तहान जात नाही’ ही आमच्या मजल्यावरची तक्रार कितपत शास्त्रीय आहे देव जाणे, पण ते सपक लागतं हे खरं. एव्हियनचा चहा मात्र करू नका. असल्या पाण्यात कोऱ्या चहावर तवंग येतो आणि किटलीत पांढरा थर बसतो.

हे वाचून कोणी ‘मिनरल्ससाठी’ महागडी बाटली घेऊ नये. दोन लिटर एव्हियनमधून कॅल्शियम मिळतं १६० मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० लागतं. मेसमधलं एक ग्लास दूध, पाणी घातलेलं नसेल तर, दोन लिटर एव्हियनला सहज हरवतं.

मुद्दा मीटरचा आहे. तो बिचारा फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. ते कॅल्शियम आहे, साधं मीठ आहे की नायट्रेट, हे त्याला कळत नाही. जंतू तर अजिबातच कळत नाहीत. तरी आपण सगळा निकाल त्याच्यावर सोडतो आणि त्या आकड्यासाठी पाण्याचा मोठा हिस्सा रोज गटारात सोडतो. टँकर मागवावा लागतो त्या मे महिन्यातसुद्धा! मूळ पाण्याचा टीडीएस ५०० च्या खाली असेल तर आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं, ते उगाच नाही.

म्हणून कमिटीकडे मागणी एवढीच. नवीन मेंब्रेनचे पैसे देण्याआधी नळाच्या आणि बोअरच्या पाण्याची लॅबमध्ये तपासणी करून घ्या: हार्डनेस, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू, सगळं. नळाचं पाणी बरं निघालं तर फिल्टर आणि यूव्ही पुरे. बोअरचं फारच खारट निघालं तर आरओ ठेवा, पण थोडं फिल्टर केलेलं नळाचं पाणी त्यात मिसळायचा व्हॉल्व्ह बसवा आणि यूव्ही त्याच्या पुढे लावा. सिव्हिलची लॅब आपल्याच कॅम्पसमध्ये आहे, आणि रिपोर्ट लावायला मेसच्या मेनूशेजारी बोर्डावर भरपूर जागा आहे.