रजिस्ट्री झाली, पण प्लॉट कोणाचा?

२०२५ च्या नोव्हेंबरात तुकडेबंदी कायद्यात सुधारणा करणारा अध्यादेश निघाला आणि त्यानंतर काही दिवसांतच माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा सकाळी सकाळी घरी आला. चहा येईपर्यंत त्याने इकडच्या तिकडच्या गप्पा केल्या आणि मग मुद्द्यावर आला. ‘काका, सरकारने आता सगळे प्लॉट कायदेशीर केले म्हणतात. तुमचा तो कोराडीचा प्लॉट मलाच देऊन टाका ना. बाहेरच्याला देण्यापेक्षा मी बरा.’

आता खरे सांगायचे तर तो प्लॉट मला विकायचाच होता. गुडघ्यांचे ऑपरेशन समोर आहे आणि मुलगी पुण्याला असते. त्यामुळे त्याच्या प्रश्नाला ‘हो, झाले सगळे कायदेशीर’ एवढे उत्तर दिले असते तर चार दिवसांत इसार हातात पडला असता. ते उत्तर मला देववले नाही, कारण हाच प्रश्न मी स्वतः १९८९ साली एका लेआउटवाल्याला विचारला होता आणि त्याने मला नेमके तेच उत्तर दिले होते.

कोराडीच्या वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. मी १९७८ मध्ये वीज मंडळात लागलो तेव्हा आम्हा सगळ्यांना वसाहतीत क्वार्टर मिळाले. पाणी, वीज, मुलांची शाळा, देवीचे मंदिर, सारे हाकेच्या अंतरावर. क्वार्टरच्या सुखात एक खोट असते. निवृत्तीच्या दिवशी ते सोडावे लागते आणि अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या लक्षात येते की आपल्याला घरच नाही. म्हणून ज्याला त्याला प्लॉटची घाई. कोराडी, महादुला आणि नागपूरकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा शेते होती. शेतकऱ्याकडून जमीन इसारावर उचलायची, चुन्याने रेघा मारायच्या, तीस बाय पन्नासचे तुकडे पाडायचे आणि हप्त्यांवर विकायचे, असा धंदा जोरात होता. अकृषक परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही. नागपूर शहरात हाच प्रकार इतका झाला की सुधार प्रन्यासाला अनधिकृत लेआउट नियमित करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे शब्द नागपूरकराला आजही समजावून सांगावे लागत नाहीत. ‘आरएल झाले का?’ हा प्रश्न तर इथे लग्नाच्या बैठकीतही निघतो.

मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून प्लॉट घेतला. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रीतसर रजिस्ट्री झाली, पेढे वाटले. मग पटवाऱ्याकडे फेरफारासाठी गेलो. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘साहेब, हा तुकडा आहे. सातबाऱ्यावर नाव चढणार नाही.’ माझा प्रश्न साधा होता. सरकारच्या एका कचेरीने मुद्रांकाचे पैसे घेऊन शिक्का मारला, मग दुसरी कचेरी तो व्यवहारच मानत नाही हे कसे? त्याचे उत्तर समजायला मला काही वर्षे लागली, आणि घर घेणाऱ्या बहुतेकांना ते अजूनही ठाऊक नसते.

आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे निबंधक पाहतो ते एवढेच की दस्त करून देणारा समोर हजर आहे, त्याला सही कबूल आहे आणि शुल्क भरले आहे. तो माणूस जमिनीचा खरा मालक आहे की नाही, हे ठरवणे त्याचे काम नाही. सातबारासुद्धा मूळ महसुलाची नोंद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही हे खरे, पण नोंदणी झाली म्हणून विकणाऱ्याजवळ नसलेला हक्क घेणाऱ्याजवळ येत नाही. जगात काही देशांत सरकार नोंदवहीतल्या मालकीची हमी घेते. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकापासून तशी पद्धत आहे. आपल्याकडे ती हमी नाही, शोध घ्यायचा तो घेणाऱ्याने.

माझ्या बाबतीत हा केवळ तात्त्विक मुद्दा राहिला नाही. १९९६ साली प्लॉटवर गेलो तर एक गृहस्थ विटा उतरवून घेत होते. त्यांच्याजवळही त्याच नंबरच्या प्लॉटची रजिस्ट्री होती, त्याच लेआउटवाल्याने दिलेली, माझ्यानंतर चार वर्षांनी. कायदा माझ्या बाजूने होता, कारण एकच मालमत्ता दोनदा विकली तर आधीचे हस्तांतरण वरचढ ठरते. पण ते गृहस्थही माझ्यासारखेच पगारदार. त्यांच्या बायकोने विटांच्या ढिगावर बसून डोळ्याला पदर लावला होता, तो प्रसंग मी विसरलेलो नाही. त्यांनी प्लॉट सोडला. त्यांचे पैसे त्यांना कधी परत मिळाले की नाही, मला माहीत नाही. लेआउटवाला तोवर गाव सोडून गेला होता.

आता २०२५ च्या सुधारणेने काय झाले ते पाहू. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जुलै २०२५ मध्ये विधानसभेत घोषणा केली (ते कोराडीचेच, तेव्हा हे दुखणे त्यांना कोणी वेगळे सांगायला नको). तुकडेबंदीचा मूळ कायदा १९४७ चा. शेतीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की त्यात नांगरही फिरणार नाही, हा त्याचा चांगला हेतू. २०२३ मध्ये किमान क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले गेले. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. माझा प्लॉट १,५०० फुटांचा, दीड गुंठाही नाही. शेतीसाठी केलेल्या कायद्यात घरासाठी घेतलेले असे लाखो प्लॉट अडकून पडले. २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करण्याची सोय निघाली, ती फार कोणाला झेपली नाही. पुढे ती रक्कम ५ टक्क्यांवर आली. आणि आता १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले निवासी क्षेत्रातले असे व्यवहार कोणतेही शुल्क न घेता नियमित करण्याचे ठरले. निर्णय योग्य आहे, उशिरा झाला एवढेच.

पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. या सुधारणेने दूर झाली ती सरकारची हरकत. दुसऱ्या खरेदीदाराची, मूळ शेतकऱ्याच्या बहिणीची किंवा बँकेच्या बोज्याची हरकत तिने दूर झालेली नाही. नियमित झालेल्या लेआउटमध्ये रस्ता आणि नाली आपोआप उगवत नाही. बांधकामाचा नकाशा मंजूर करून घ्यायचा तर २०१७ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे किंवा जी स्थानिक संस्था असेल तिच्याकडे जावेच लागते. ज्यांच्याजवळ नुसते नोटरीचे कागद किंवा कब्जापत्र आहे, त्यांना आधी मुद्रांक भरून दस्त नोंदवावा लागेल. मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे.

शेजारीपाजारी मला आणखीही विचारतात. वडिलांनी घेतलेला प्लॉट मृत्युपत्राशिवाय मागे राहिला तर बहिणीची सही लागते का? लागते, आईचीही लागते. नॉमिनी मालक होतो का? होत नाही, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो. थोडे पैसे रोख दिले तर? वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो आणि उद्या वाद झाला तर त्या पैशाला साक्षीदार नसतो. बिल्डरकडून फ्लॅट घेताना नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नये, तशी मनाई रेराच्या कायद्यातच आहे.

कोराडीत मात्र एक प्रश्न मी स्वतः जोडतो, जो कोणत्याच वकिलाच्या यादीत नसतो. प्लॉटपासून राख किती दूर? मी याच केंद्राची भाकरी खाल्ली, तेव्हा तक्रारीच्या सुरात बोलत नाही. पण जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शेतांत शिरले. उतार कुठे आहे, उन्हाळ्यात वारा कुठून येतो, विहिरीचे पाणी कसे आहे, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. तिथे मे महिन्यात एकदा आणि भर पावसात एकदा जाऊन उभे राहावे लागते.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. दुसऱ्या रजिस्ट्रीची हकिगतही सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मला वाटले, गिऱ्हाईक गेले. पण पुढच्या रविवारी तो टेप घेऊन आला. आम्ही दोघे प्लॉटवर गेलो, बाभळी बाजूला सारून मापे घेतली. लांबी बरोबर पन्नास भरली. रुंदी सव्वीसच. शेजारच्या घराची भिंत चार फूट आत आलेली.

भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची चौकशी केली तर कळले की आमच्या प्लॉटचा वेगळा हिस्सा नकाशावर नाही, आधी पूर्ण खसऱ्याची मोजणी करावी लागेल, आणि त्यासाठी बाकीच्या प्लॉटधारकांना एकत्र आणावे लागेल. त्या मुलाने वहीत नावे लिहायला घेतली आहेत. आतापर्यंत अकरा जण सापडले आहेत. प्लॉट चाळीस आहेत. इसार मी अजून घेतलेला नाही.