वेगाला धावपट्टी द्या



आमच्या वडूजकडच्या माणसाला शर्यत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली की बैलगाड्या पाहायला माणूस मावत नाही. या शर्यतींचे दोन प्रकार तुम्हाला माहीत असतील. पुण्याकडे घाटात एकेक गाडा सुटतो आणि सेकंद मोजून नंबर लावतात. आपल्या सातारा-सांगलीकडे रानात चाकोऱ्या आखतात आणि गाड्या शेजारीशेजारी सोडतात. एकीकडे झुंज घड्याळाशी, तर दुसरीकडे शेजारच्या गाडीशी. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी असते. मैदान आखलेले असते, सोडणारा माणूस ठरलेला असतो आणि निशाणाच्या पुढे बैल आवरायला मोकळे रान राखलेले असते. शर्यत संपली की त्याच रानात पुन्हा नांगर चालतो.

आता दुसरी शर्यत पाहा. ती दहिवडीच्या किंवा पुसेगावच्या रस्त्यावर संध्याकाळी चालते. सायलेन्सर काढलेल्या दोन मोटारसायकली, त्यांवर तिघेचौघे जण, आणि समोरून येणार उसाची ट्रॉली, एस.टी., मेंढरांचा कळप किंवा शाळेतून सायकलवर घरी निघालेली तुमच्यासारखीच मुले. इथे चाकोरी नाही, निशाण नाही आणि थांबायला रान तर नाहीच. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात यापायी एखाद्या घराचा दिवा विझतो. मग चार दिवस ‘हल्लीची पोरे बिघडली’ अशी चर्चा होते आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोच आवाज ऐकू येतो.

माझे मत थोडे वेगळे आहे. वेगाची ओढ आणि यंत्राशी खटपट करण्याची हौस या दोन्ही गोष्टी वाईट नाहीत. त्यांची जागा चुकली आहे. हे मी हवेतले बोलत नाही. जगात एके ठिकाणी हाच प्रश्न सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी आला होता आणि त्यावर जो तोडगा निघाला तो विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातली ही गोष्ट. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे इंजिन स्वस्त मोटारीत बसवले. काही वर्षांनी याच गाड्या जुन्या होऊन कवडीमोलाने मिळू लागल्या. तिथल्या तरुणांनी त्या घेतल्या, त्यांचे मडगार्ड, टप, बॉनेट असे जे जे काढता येईल ते काढून फेकले आणि इंजिनात नाना सुधारणा केल्या. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणू लागले. कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात या गाड्यांचा वेग मोजला जाई. १९३७ साली त्यासाठी एक संघटनाही निघाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात यांपैकी मुरॉकचे तळे लष्कराने घेतले. युद्ध संपून तरुण घरी परतले ते विमाने आणि रणगाड्यांची इंजिने हाताळून. हौस वाढलेली, तळी दूर. मग शहरातल्या रस्त्यांवर, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती सुरू झाल्या. अपघात झाले, वर्तमानपत्रांनी झोडपले, पोलिसांनी धरपकड केली. आपल्याकडचेच वर्णन वाटते की नाही?

तोडगा विमानतळाने दिला. १९५० साली सांता आना गावाजवळच्या विमानतळाची वापरात नसलेली धावपट्टी सी. जे. हार्ट आणि त्यांच्या साथीदारांनी रविवारपुरती मिळवली. प्रवेश पन्नास सेंट, मग तुम्ही शर्यतीत उतरा नाहीतर नुसते पाहा. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारीशेजारी, सरळ रेषेत, थांबलेल्या स्थितीतून सुटणार. खटाव-माणच्या माणसाला ही शर्यत लगेच कळेल. फक्त बैलांच्या जागी इंजिन घाला. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना काढली. गाडी आधी तपासून घ्यायची आणि मगच सोडायची, हा नियम त्यांनी अंगवळणी पाडला. १९५४ पासून त्यांची माणसे मोटारीला ट्रेलर जोडून गावोगाव हिंडली आणि शर्यत सुरक्षितपणे कशी भरवायची हे शिकवत गेली. १९५५ ची पहिली राष्ट्रीय शर्यतही कॅन्सस राज्यात, ग्रेट बेंडच्या युद्धकालीन विमानतळावरच झाली. पावसाने घोटाळा केला म्हणून शेवटच्या फेऱ्या नोव्हेंबरात ॲरिझोनात उरकाव्या लागल्या, ही गोष्ट वेगळी.

विमानतळच का, हे पाहण्यासारखे आहे. महायुद्धाने जगभर हजारो धावपट्ट्या मागे ठेवल्या होत्या. त्या लांब, रुंद, सपाट आणि सरळ होत्या. आडरस्ता नाही, झाड नाही, घर नाही. इंग्लंडमध्ये १९४८ साली सिल्व्हरस्टोनच्या लष्करी विमानतळावर गवताच्या पेंढ्या मांडून मोठी शर्यत घेतली. तिथे मार्ग असा आखला होता की दोन धावपट्ट्यांवरून येणाऱ्या गाड्या मध्यभागी एकमेकींच्या समोर धावत येत आणि मग वळत. चालकांना समोरची गाडी दिसून धडकी भरू नये म्हणून मधे कापडी पडदे लावले होते! (ही युक्ती पुढच्या वर्षी सोडून दिली हे बरेच झाले.) आपल्या देशातही तेच घडले. मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत, कलकत्त्याजवळ बराकपूरला होत, आणि मुंबईत जुहूच्या विमानतळावरही मोटारी धावल्या आहेत. परदेशी गाड्या आणणे कठीण होते, म्हणून फियाट, अँबॅसेडर आणि हेराल्ड याच गाड्यांवर आपले कारागीर हात चालवीत. १९९० साली मद्रासकडच्या मंडळींनी इरुंगट्टुकोट्टईला कायमचा मार्ग बांधला, त्याच्या मुळाशी शोलावरमची ती तात्पुरती धावपट्टी आहे.

आता विज्ञानाकडे वळू. पाव मैल लवकर कापायचा तर काय करावे? न्यूटनचा दुसरा नियम सांगतो की बल तेच ठेवून वस्तुमान घटवले तर त्वरण वाढते. मडगार्ड काढण्याचे रहस्य हेच. १००० किलोची गाडी ९०० किलोची केली की त्वरण नवव्या हिश्श्याने वाढते, आणि इंजिनाला हातही लावावा लागत नाही. पण बल वाढवत नेले तर कुठेतरी चाक जागीच फिरू लागते, कारण गाडीला पुढे ढकलते ते टायर आणि जमीन यांच्यातले घर्षण. घर्षणगुणांक १ धरला तर त्वरण फार तर गुरुत्वत्वरणाइतके, म्हणजे सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटर. या हिशोबाने पाव मैलाला किमान ९ सेकंद लागावेत. करून पाहा, उत्तर येते. मात्र २००६ सालापर्यंत या शर्यतीतल्या सर्वांत शक्तिमान गाड्या साडेचार सेकंदांच्या आत पोचत होत्या! सरासरी काढली तर गुरुत्वत्वरणाच्या चौपट. न्यूटन चुकला का? मुळीच नाही. घर्षणगुणांक १ पेक्षा जास्त असू शकत नाही ही आपली समजूत चुकीची आहे. तापलेले मऊ रबर चिकट केलेल्या मार्गाला अक्षरशः धरून ठेवते, आणि वेग वाढला की गाडीवरचे पंख हवेच्या जोराने तिला खाली दाबतात. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत गुणांक ०.३ नाहीतर ०.५ असतो म्हणून तो निसर्गाचा कायदा होत नाही. शिक्षकांनी वर्गात हे जरूर सांगावे.

याहून महत्त्वाचे गणित थांबण्याचे आहे, आणि ते आपल्या पोरांना कोणीच शिकवत नाही. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर मेंढरू दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तर २२ मीटर तिथेच संपले. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक सेकंदाला सेकंदामागे ७ मीटरने वेग घटवतो असे धरले, तरी आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ५७. वेग ११० केला तर एकूण अंतर ९७ मीटर होते. वेग वाढला दीडपटीहून कमी, अंतर मात्र वाढले जवळजवळ पावणेदोन पट, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आणि रस्त्यावर खडी पसरलेली असेल, ब्रेकची पकड निम्मी असेल, तर ८० च्या वेगालाच ९३ मीटर हवेत. आमच्याकडच्या रस्त्यांवर वळणापलीकडचे ९३ मीटर दिसणारी ठिकाणे किती आहेत ते एकदा सायकलवरून जाताना पाहा.

शर्यतीच्या जगालाही हे गणित रक्त सांडून शिकावे लागले. इटलीतली हजार मैलांची शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून जाई. १९५७ साली एक गाडी प्रेक्षकांत घुसली. चालक, त्याचा सोबती आणि नऊ प्रेक्षक गेले. त्या नवांत पाच मुले होती. ती शर्यत त्या रूपात पुन्हा झाली नाही. अमेरिकेत २००८ साली स्कॉट कॅलिटा या नामवंत चालकाची गाडी इंजिनाचा स्फोट होऊन पाव मैलापलीकडे थांबू शकली नाही आणि त्याचा अंत झाला. त्यानंतर सर्वांत वेगवान गाड्यांसाठी अंतरच कमी करून १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर केले. जवळजवळ साठ वर्षांचा पाव मैल सोडला तो थांबायला जागा मिळावी म्हणून.

सायलेन्सरविषयी चार शब्द. तो काढला की गाडी जोरात पळते असे पुष्कळांना वाटते. आवाज मोठा झाला म्हणजे शक्ती वाढली असे होत नाही. बाजारात मिळणाऱ्या इंजिनाची हवा, पेट्रोल आणि धूर बाहेर टाकण्याची वाट ही एकमेकांना जुळवून आखलेली असतात. एकच भाग उपटला तर जुळणी बिघडते, आणि कित्येकदा शक्ती कमीच होते. जुन्या हॉट रॉडवाल्यांनी बदल केले, पण प्रत्येक बदलानंतर घड्याळ लावून पाहिले. त्यांच्या आणि आमच्या रस्त्यावरच्या वीरांच्या खटपटीत हा मोठा फरक आहे. एकाकडे मोजमाप आहे, दुसऱ्याकडे नुसता आवाज.

आता कोणी म्हणेल, शर्यतीला जागा दिली तर नाद आणखी वाढेल. ही शंका खोटी नाही. पैजा लागतील, पुढाऱ्यांचे फलक लागतील, हेही मला दिसते. बैलगाडीचेच पाहा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता परवानगी काढल्याशिवाय मैदान भरत नाही. मुक्या जनावराच्या बाबतीत अटी घालून शर्यत चालू शकते, तर ज्याला वेदना नाही अशा यंत्राची शर्यत अटी घालून का चालू नये? मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे गुन्हा ठरवते. पण त्याच कलमात राज्य सरकारच्या लेखी संमतीची सोयही ठेवली आहे. दार पूर्ण बंद नाही.

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अलीकडच्या वर्षांत पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. तिथवर वडूजच्या गॅरेजातला कारागीर कसा पोचणार? जिल्ह्याजवळ काही हवे. कोयना प्रकल्पासाठी बांधलेल्या कराडच्या विमानतळाची धावपट्टी सुमारे १२८० मीटर आहे. पाव मैल पळायला आणि ताशी १८० च्या वेगावरून साध्या ब्रेकने थांबायला मिळून ८०० मीटर पुरतात, म्हणजे लांबी हवी तेवढी आहे. विमानतळ बंद करून शर्यती भरवा असे मी म्हणत नाही. ती जागा विमानांची आहे. वर्षातून एक दिवस, जिथे सोय आणि परवानगी असेल अशा धावपट्टीवर, परवाना असलेल्या सज्ञान चालकांसाठी, गाडी तपासून, हेल्मेट घालून आणि रुग्णवाहिका उभी करून हे व्हावे, एवढीच मागणी आहे. गाडी स्वतः जुळवणाऱ्या कारागिराचे नाव चालकाच्या आधी पुकारावे, असे मला फार वाटते.

अठरा वर्षांखालच्यांनी तोवर मोटारसायकलला हात लावू नये. २०१९ पासून अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला किंवा गाडीच्या मालकाला शिक्षा होऊ शकते, हे घरी सांगून ठेवा. पण तुमच्यासाठी शाळेचे मैदान आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली सायकलवर हा प्रयोग करा. चुन्याने २० मीटर अंतरावर दोन रेघा मारा. त्यांच्यामधले अंतर सारख्या वेगाने कापायला किती सेकंद लागले ते एकाने मोजावे. सायकलस्वाराने दुसऱ्या रेघेवर ब्रेक दाबावा आणि ती कुठे थांबली ते टेपने मोजावे. आधी ८ सेकंदांत २० मीटर, मग ४ सेकंदांत. दोन्ही अंतरांचे गुणोत्तर काढा. ते २ च्या जवळ येते की ४ च्या, हे वहीत लिहा. मग रेघेपुढच्या जमिनीवर पाणी शिंपडून हीच चाचणी पुन्हा घ्या, पण या वेळी फक्त ८ सेकंदांचीच.