बैठकीतलं तख्त

अमरावतीच्या आमच्या आपांनी नवा फ्लॅट घेतला आणि चावी हाती येण्याआधीच मोबाइलमध्ये शे-दीडशे फोटो जमवले. पांढरा सोफा, काचेचं टेबल, भिंतभर आरसा, छतात लपवलेले दिवे. मग आम्हाला फोन. "यातली आपली स्टाइल कोणती, तुम्हीच सांगा." फोटो सुंदर होते. पण एकाही फोटोत कूलर नव्हता, पाण्याचा ड्रम नव्हता, दारात चपलांचा ढीग नव्हता. आणि एकाही सोफ्यावर म्हातारं माणूस बसलेलं नव्हतं.

हे शेवटचं आमच्या लक्षात आलं, कारण ती चूक आम्ही अकोल्यात करून बसलो आहोत.

आमच्या बैठकीत दारालगत एक सागवानी तख्त होतं. त्यावर सतरंजी, वर धुतलेली चादर, टेकायला दोन लोड. ती अब्बांची जागा. असरची नमाज झाली की मशिदीतून परतताना त्यांचे दोन-तीन जुने सोबती तिथे टेकायचे. चहा व्हायचा, पानदान उघडायचं. कापसाच्या भावापासून पोरांच्या सोयरिकीपर्यंत सगळं तिथेच निघायचं. बहिणीचं स्थळही त्याच तख्तावर ठरलं. पुढे थोरल्याच्या लग्नाआधी आम्ही बैठक 'नवी' केली. तख्त गच्चीवर गेलं, मलई रंगाचा सोफा आला. अब्बांना आतली खोली दिली, चांगला पलंग दिला, वेगळा पंखा दिला. पाहुण्यांनी वाहवा केली, अब्बांनीही केली. सोबती एकदा आले, सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसले, पान खावं की नको अशा विचारात विडा हातातच धरून राहिले. पुन्हा आले नाहीत. कोणी काही बोललं नाही. चार-पाच महिन्यांनी अम्मी म्हणाल्या, "तुमचे अब्बा आता संध्याकाळीही पडूनच असतात." तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. तख्त खाली आणलं, तोवर सोबत्यांपैकी एकजण अल्लाहला प्यारे झाले होते.

म्हणून आपांना आम्ही एवढंच सांगितलं, की आठ दिवस फोटो बघू नका. सध्याच्या घरात कोण कुठे, किती वेळ बसतं ते वहीत लिहा.

वही मोठी मजेची निघाली. सोफ्यावर दिवसभरात जेमतेम पाऊण तास, तोही धुतलेल्या कपड्यांची घडी घालायला. बाकी सगळं घर मागच्या दाराजवळच्या गार फरशीवर. पोरांचा अभ्यास तिथे, भाजी निवडणं तिथे, दुल्हाभाईंचा पेपरही तिथेच. मगरिबला दोन जानमाज अंथरायच्या तर रोज टेबल सरकवावं लागतं. दस्तरखान तर भिंतीला टेकूनच घालावा लागतो. या घराची आवड वहीत लिहिलेली होती. जमिनीवर बसणारं घर आहे हे. त्याला मोकळी फरशी हवी, बुटकी बैठक हवी आणि भिंतीत ताक हवेत, म्हणजे कुरआन शरीफ आणि रहल उंचावर नीट राहतील.

दुसरी आवड आपल्या वऱ्हाडाची. मे महिन्यात इथे पारा 45 च्या पुढे जातो आणि दिवसरात्र कूलर चालतो. कूलरच्या ओल्या हवेत स्वस्त प्लाय फुगतो, त्यावरचा चकचकीत कागद सुटतो. खिडकीसमोर कपाट ठेवलं की हवा अडली. ज्यांचं घर काळ्या मातीवर आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला भेग पडते. गडद रंगावर ती भेग बुजवली की ठिगळ दिसतं, हलक्या रंगात खपून जातं. अकोल्याला पाणी काटेपूर्णेच्या महान धरणातून येतं, पण नळ काही रोज येत नाही. तेव्हा ड्रमची जागा नकाशात आधी, शोकेसची नंतर. हे न विचारता नकाशा काढणारा माणूस कितीही मोठा असो, तो तुमच्यासाठी काम करत नाही.

नटवणं नकोच असं आम्ही म्हणत नाही. अकोटजवळच्या नरनाळा किल्ल्यावर जाऊन महाकाली दरवाजा बघून या. 1487 सालचा आहे. दगडात कमळं, सज्जे आणि अरबी अक्षरं कोरलेली, बाकी भिंत साधी सोडलेली. नजर नेमकी कुठे थांबावी हे त्या कारागिरांना कळत होतं. आपण मात्र चार भिंतींवर चार रंग देतो, वर प्लास्टिकच्या वेली सोडतो.

खर्चाचंही तसंच. आपांना बैठकीचा अंदाज साडेचार लाखांचा मिळाला होता, अर्धा उधारीवर. आम्ही म्हटलं, सासरचं जुनं सागवान घरात पडलं आहे, परतवाड्याकडे लाकडाचं काम जाणणारे मिस्तरी आहेत, आधी तिथे विचारा. अकोटच्या सुती सतरंज्यांचं नाव तर जुन्या घरांतून अजून निघतं. फुगलेल्या गालिच्यापेक्षा उन्हाळ्यात सतरंजी बरी, धुताही येते.

आपांच्या सासूबाईंची शिलाई मशीन त्या नकाशात बाल्कनीत टाकली होती, 'लूक' बिघडतो म्हणून. दुल्हाभाईंचं शिक्षण त्या मशीनवर झालं आहे. वहीत मात्र तिच्यापुढे रोजचे चार तास लिहिले होते, घरात सगळ्यांत जास्त. आपांनी वही सासूबाईंसमोर ठेवली आणि विचारलं, "अम्मी, मशीन कुठे ठेवायची?" म्हातारीने बैठकीतल्या पूर्वेच्या खिडकीकडे बोट केलं. "सुईत दोरा घालायला उजेड लागतो बेटा."

मशीन आता तिथे आहे. ती टीव्हीची जागा होती, त्यामुळे दुल्हाभाई अजून थोडे रुसलेले आहेत.