घरच्या बैठकींत अमेरिकन फांसे

'क्रॅप्स' हा अमेरिकेंतील दोन फांशांचा खेळ इंग्रजांच्या 'हॅझर्ड'पासून निघाला. जुगारखान्यांतील त्याचें चौकटींनीं भरलेलें मेज पाहून नवखा बिचकतो. घरीं मात्र त्यांतला मूळ डाव तेवढा पुरे, असें आमचें मत आहे.

पहिल्या फेकींत बेरीज ७ वा ११ आली तर फेकणारा जिंकला. २, ३ वा १२ आल्यास हरला. दुसरी कोणतीही बेरीज पडल्यास तीच ७ च्या आधीं पुन्हां पडली पाहिजे. एकंदर ३६ जोड्यांत ७ च्या सहा, ६ च्या पांच, ४ च्या तीनच. हें पाटीवर मांडून मुलांस अवश्य दाखवावें. दर ४९५ डावांत सरासरीनें २४४ जिंकतात, २५१ जातात. ही सातांची तफावत म्हणजेच जुगारखान्याचा नफा! म्हणून घरीं सावकारी दर डावास पालटावी.

पैसे मात्र मुळींच मांडूं नयेत. 'नुसता एक रुपया' म्हणणारे वडीलधारे असतातच. पण हरलेली धाकटी सून मनांतलें बोलत नाहीं, आणि जिंकलेल्या दिरास परत देणें शोभत नाहीं. प्रत्येकास वीस चिंचोके द्यावे. फांसे भिंतीशीं उभ्या केलेल्या पाटावर आपटून परतले, तरच फेक धरावी.